धुराचा दाखला

जी गाडी मुळात धूरच सोडत नाही, तिला ‘ही गाडी प्रमाणाबाहेर धूर सोडत नाही’ असा दाखला मिळू शकत नाही, हे ज्ञान मला गेल्या शनिवारी भर दुपारी, रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली, चारचौघांच्या साक्षीने प्राप्त झाले. त्या चारचौघांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी माझ्यासाठी विडीसुद्धा ओढली, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याविषयी लिहावे म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. आमच्या घरी १९५९ सालची एमजीए आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा लाखभर गाड्या तयार झाल्या. त्यांतली ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत, गोव्यात युरोपातला माल सहज उतरत असे तेव्हा, खाणीवर पैसा झालेल्या एका गृहस्थाने मागवली आणि पुढे त्याच्या वारसांनी ती माझ्या वडिलांच्या गळ्यात मारली. या गाडीला बाहेरून दाराच्या मुठी नाहीत, आत हात घालून दोरी ओढावी लागते; आणि तिचा तळ लाकडी फळ्यांचा असतो, ही गोष्ट फोंडा तालुक्यातल्या वाळवीला मालकाच्या आधी कळते. दोन कार्बुरेटरांचे आपापसांत कधी पटत नव्हते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नसल्यामुळे नळ्या आणि सील मऊ पडून गळू लागले. शेवटी मी पडवीत चेनपुली टांगली, १,४८९ सीसीचे इंजिन उचलून बाजूला ठेवले, मोटर गिअरबॉक्सला जोडण्यासाठी लेथवर अ‍ॅडाप्टर प्लेट कातून घेतली आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे ३२ सेल एकापुढे एक जोडून गाडी विजेवर केली. मूळ गाडीतही सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्याच. मी फक्त त्यांचे कुटुंब वाढवले, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. २०१६ सालच्या नियमाप्रमाणे गाडी पूर्णपणे विजेवर करण्याची मुभा १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर तयार झालेल्या गाड्यांनाच आहे, त्यामुळे माझी गाडी त्या दारातून वयामुळे परत आली. २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे दुसरे दार उघडले, परंतु तिथे सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. शिवाय व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरणे एवढ्यासाठीच. आणि मी पेट्रोलच सोडल्यामुळे पंपावर जाण्याचे निमित्तदेखील गमावून बसलो. जुन्या गाड्यांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना तर विजेवर केलेल्या गाडीला ऐतिहासिक मानायलाच तयार नाही. बदल करायचेच असतील तर ते पुन्हा उलटवता येतील असे करा, एवढा तिचा सल्ला आहे. तो मी मानला आहे. तेल पाजलेले, गोणपाटात गुंडाळलेले इंजिन पडवीत आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर बसतो. २०१८ साली इंग्लंडचा राजपुत्र लग्नानंतर नव्या नवरीला शेजारी बसवून विंडसरहून विजेवर केलेली जॅग्वार ई-टाइप चालवत निघाला, तेव्हा सगळ्या जगाने कौतुक केले. मी माझ्याच कुळागरातल्या वाटेवर, पोफळींमधून, तासाला वीस किलोमीटरच्या वेगाने फिरतो, तर शेजाऱ्यांना वाटते की माझ्याकडे पेट्रोलला पैसे उरलेले नाहीत.

असो. गाडी रस्त्यावर न्यायचीच नव्हती. परंतु घरातल्या घरात काही झाले तर भरपाई मिळावी म्हणून विमा चालू ठेवायचा होता, आणि विम्याच्या एजंटाने फोनवर, विषय संपल्याच्या स्वरात सांगितले, ‘‘पीयूसी पाठवा.’’ गाडीला आता धुराडेच नाही, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘‘बरोबर आहे, पण पीयूसी पाठवा.’’

मग, गाडी स्वतः चालवत रस्त्यावर न्यायची सोय नसल्यामुळे, आमचे शेजारी, ज्यांना सारा वाडा भाई म्हणतो, त्यांच्या जीपला दोर बांधून आम्ही निघालो. त्या मिरवणुकीचे वर्णन करताना अजूनही माझा संताप होतो. विजेवर चालणारी निरुपद्रवी गाडी डिझेलच्या जुन्या जीपमागे फरफटत धूर होत नसल्याचा कागद आणायला निघाली होती, आणि टप उघडा असल्यामुळे जीपचा सगळा काळा धूर स्टिअरिंगवर बसलेल्या माझ्या नाकातोंडात जात होता.

आंब्याखाली उभ्या असलेल्या तपासणीच्या व्हॅनमधला मुलगा दोडामार्गकडचा होता आणि अतिशय नम्र होता, त्यामुळे त्याच्यावर ओरडण्याचीही सोय नव्हती. त्याने नंबर प्लेटचा फोटो काढला, संगणकावर नंबर टाकला, इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ उमटल्याची खात्री केली आणि यंत्राची नळी हातात घेऊन तो गाडीच्या मागे जाऊन बसला. बराच वेळ तो दिसला नाही.

‘‘काका, सायलेन्सर कुठे आहे?’’

‘‘काढला.’’

‘‘मग धूर कुठून येतो?’’

‘‘येत नाही.’’

‘‘बंद आहे म्हणून येत नसेल. चालू करा.’’

मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू असल्याचे सांगितले. तो झाली नाही म्हणाला, मी झाली म्हणालो. शेवटी त्याने अंगणात पडलेल्या माणसाच्या छातीला लावावा तसा बॉनेटला कान लावला आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. मी बॉनेट उघडून मोटर दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

‘‘विजेवरच्या गाडीला पीयूसी लागत नाही, काका!’’

‘‘तेच मी एजंटाला सांगतो आहे.’’

‘‘पण ही विजेवरची नाही. इथे पेट्रोल लिहिले आहे.’’

‘‘म्हणजे हिला पीयूसी लागते?’’

‘‘लागते.’’

‘‘मग द्या.’’

‘‘देतो. नळी कुठे घालू?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याने प्रामाणिकपणे नळी गाडीच्या मागे हवेत धरून पाहिली. यंत्राने नळी धुराड्यात नसल्याची तक्रार केली. तेवढ्यात भाईंनी, दोर सैल करावा म्हणून, जीप चालू केली आणि पडद्यावरचे आकडे भराभर चढू लागले. काही क्षण माझी गाडी भाईंच्या जीपचे पाप स्वतःच्या नावावर घेत होती.

रांगेत आमच्या मागे स्कूटर घेऊन एक आजोबा उभे होते, पांढरा सदरा, डोक्यावर हेल्मेट, ते त्यांनी शेवटपर्यंत काढले नाही. पोर्तुगीज काळात मडगावात अशीच एक गाडी होती आणि तिच्या आवाजाने देवळातली घंटा थरथरायची, असे त्यांनी सांगितले. माझ्या गाडीच्या मौनाने ते फार व्यथित झाले. आवाज कसा होता हे मला कळावे म्हणून ते गाडीच्या मागे गेले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि त्यांनी तोंडाने पहिला, दुसरा आणि तिसरा गिअर काढून दाखवला. मधल्या गिअर बदलाचा खडखडाटही त्यांनी गाळला नाही. रस्त्यावरचे दोन पर्यटक मोबाइल काढून थांबले. आवाज माझ्या गाडीतून येतो आहे अशी त्यांची समजूत झाली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे पाहून अंगठा उंचावला.

धाप ओसरल्यावर आजोबांनी अडचण काय आहे ती विचारली, ऐकून घेतली, आणि ‘‘एवढेच ना?’’ म्हणून खिशातून विडी काढली. दोन दमदार झुरके घेऊन त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि त्या मुलाला नळी तोंडाजवळ धरायला सांगितले. मुलगा नको नको म्हणत होता, तरीही कुतूहलाने त्याच्यावर मात केली. पडद्यावर आकडे स्थिरावले. २००० सालापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. आजोबा तिच्या बरेच आत होते. हायड्रोकार्बनमध्येही त्यांनी कसर ठेवली नव्हती.

‘‘आजोबा पास झाले,’’ मुलगा म्हणाला, ‘‘पण हे गाडीच्या नावावर नाही टाकता येणार. खोटे सर्टिफिकेट मी देत नाही.’’

आजोबांनी तेवढा कागद आपल्याला छापून द्यावा, घरी सुनेला दाखवायचा आहे, असा आग्रह धरला, आणि पुढची चर्चा बराच वेळ त्यावरच चालली. माझ्या गाडीचा विषय मागे पडला तो पडलाच.

मला राग आला तो यानंतर. इतका वेळ थांबलोच आहोत तर जीपचेही उरकून घेऊ, असे भाई म्हणाले. त्यांच्या जीपला नळी घालायला ऐसपैस जागा होती. मुलाने अ‍ॅक्सिलेटर दाबायला सांगितले, आंब्यावरचे कावळे उडाले, जुन्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या दाटपणासाठी असलेल्या २.४५ च्या मर्यादेच्या किंचित खाली आकडा थांबला आणि यंत्राने करकरत तिचा दाखला छापला. सगळ्या वाड्याचे कपडे काळे करणारी जीप सरकारमान्य स्वच्छ ठरली. माझी गाडी मात्र संशयित म्हणून उभी होती. पीयूसी नसेल तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो, अशी माहिती त्या मुलाने निघताना दिली, तीही नम्रपणे.

मी तिथूनच एजंटाला फोन लावला. त्याने विचार करून मार्ग सुचवला: इंजिन घरीच आहे ना, मग एका दिवसापुरते ते पुन्हा बसवा, पीयूसी काढा आणि मग काढून टाका. चेनपुली, माउंटिंग, शाफ्ट, कूलंट हे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत फोन बंद झाला होता.

जीपच्या तपासणीचे पैसे भाईंनी मलाच द्यायला लावले, कारण येणे माझ्यासाठीच झाले होते. त्यांच्या दाखल्याची मुदत सहा महिन्यांची आहे. तोवर माझेही काहीतरी पुन्हा निघेलच असे म्हणून ते दोर आमच्याच पडवीत, इंजिनावर ठेवून गेले आहेत.