डायमुळे किडनी जाते म्हणे!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत चौथ्यांदा तोच मेसेज आला: 'सीटी स्कॅनचा डाय म्हणजे किडनीला विष. मधुमेह्यांनी कधीच घेऊ नये. साधा सीटी पुरतो, डाय फक्त बिल फुगवायला. घेतलाच तर पाच लिटर पाणी प्या. नाहीतर एमआरआय करा, धोका शून्य.' डाय म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या आणि अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध. परवा अडुसष्ट वर्षांचे एक काका याच मेसेजपायी शिरेत लावलेली नळी (कॅन्युला) काढायला लावून टेबलावरून उठून गेले. सीटीच्या खोलीत माझी अठरा वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो.

आधी 'विष'. ही भीती अगदीच हवेतली नाही. शिरेतून डाय दिल्यावर मायलोमाच्या (अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या) रुग्णाची लघवी बंद पडल्याची नोंद १९५४ सालची आहे. तेव्हाची औषधं रक्ताच्या पाचपटीहून जास्त तीव्र असत. आता वापरतो ती बरीच सौम्य आहेत, काही तर रक्ताच्याच तोडीची. दुसरी गफलत मोजण्यातली. डायनंतर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा कचरा) वाढलं की खापर डायवर फुटायचं. २००८ मध्ये अमेरिकेत डाय न घेतलेल्या ३२ हजार रुग्णांचे रिपोर्ट पाहिले, तर निम्म्याहून जास्त जणांचं क्रिएटिनिन २५ टक्के किंवा त्याहून अधिक वरखाली झालेलं! ज्याला तातडीने सीटी लागतो तो आधीच जंतुसंसर्ग, जुलाब, रक्तदाब पडणं अशा कशाने तरी बेजार असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

म्हणून धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी २०२० मध्ये मिळून सांगितलं की खरी काळजी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, जास्त तितका चांगला) ३० च्या खाली असेल किंवा किडनीला नुकताच झटका बसला असेल तेव्हा. अशांना आधी-नंतर सलाइन लावतात, आणि गरज मोठी असेल तर त्यांचाही स्कॅन करतात. हृदयाच्या अँजिओग्राफीत डाय थेट धमनीतून जातो, तिचा हिशोब थोडा वेगळा.

मधुमेह्यांचं म्हणाल तर नुसती साखर आहे म्हणून नकार नाही, किडनीचा आकडा बघायचा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही वेळा ४८ तास थांबवायला सांगतात, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. ती गोळी डायशी भांडत नाही. किडनी मंदावली तर ती अंगात साठून रक्तात आम्ल वाढू शकतं, म्हणून थांबवतात.

'साधा सीटी पुरतो' हे मुतखड्याला लागू आहे. मेंदूतला ताजा रक्तस्रावही डायशिवाय दिसतो. पण फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी? डायशिवाय रक्त आणि गुठळी दोन्ही करडंच दिसतं. तिथे डाय वाचवला तर स्कॅन केला काय नि नाही काय.

पाच लिटर पाण्याचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. हृदय कमजोर असलेल्या माणसाने तो पाळला तर धाप लागून दवाखान्यात यावं लागेल. नेहमीसारखं पाणी प्या, बंधन असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि एमआरआय? पुष्कळदा त्यातही गॅडोलिनियमचं, म्हणजे एमआरआयच्या डायचं, इंजेक्शन असतं. किडनी फारच खराब असलेल्यांची कातडी दगडासारखी घट्ट करणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. नव्या प्रकारच्या गॅडोलिनियममध्ये तो धोका अगदी नगण्य आहे, पण 'शून्य' म्हणणारा मेसेज नेमका इथेच बेफिकीर आहे.

काका दोन दिवसांनी मुलीबरोबर परत आले. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ७३. डाय आत जाताना अंग गरम झालं आणि सगळ्यांना वाटतं तेच त्यांनाही वाटलं. उठल्यावर हळूच विचारलं, "चादर ओली नाही ना झाली?" नाही काका, तसं फक्त वाटतं. मग औषधांची पिशवी पाहिली, तर गुडघ्यासाठी वर्षभर रोज दोन डायक्लोफेनॅक, म्हणजे वेदनाशामक गोळ्या, चिठ्ठीशिवाय, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. ही गोळी खरंच किडनीच्या मुळावर उठते. तिच्याबद्दल ग्रुपवर अजून एकही मेसेज आलेला नाही.