लघुग्रहावरचा दोर : एका प्रतिक्रियेला उत्तर

लघुग्रहावरच्या ओसाड खाणीचे माझे साहस, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत आणि फासे टाकत खेळायच्या खेळासाठी लिहिलेले कथानक, आपण आपल्या गटाला प्रत्यक्ष खेळवले आणि मगच प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल मी आपला आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे : खाणीच्या तोंडाशी एका पात्राचा पाय सुटून ते तरंगत दूर जाते, या शत्रूविरहित प्रसंगातच तासभर गेला, लघुग्रहाच्या खडकात खोदयंत्र रुतते हे पटत नाही, आणि लघुग्रह २ तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, हा आकडा चुकीचा आहे.

शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. साहसात लघुग्रहाचा व्यास १ किलोमीटर आणि घनता पाण्याच्या दुप्पट धरली आहे, आणि तो दगडगोट्यांचा सैल ढीग असल्याचेही मीच लिहिले आहे. असा ढीग साधारण २ तास २० मिनिटांहून कमी वेळात फेरी मारू लागला, तर त्याच्या विषुववृत्तावरचे दगड गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवता येत नाहीत. म्हणजे पात्रे पोहोचण्यापूर्वीच माझी खाण उधळली गेली असती. आता ही फेरी ५ तासांची केली आहे.

खोदयंत्राबाबत मात्र मी माघार घेणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ओसायरिस-रेक्स यान बेन्नू या लघुग्रहावर नमुना घेण्यासाठी टेकले, तेव्हा त्याचा हात पृष्ठभागात सुमारे अर्धा मीटर आत गेला आणि तेथील मातीदगडांनी जवळजवळ काहीच विरोध केला नाही. दिसायला खडकाळ असलेली जमीन पायाखाली टिकेलच असे नाही, ही गोष्ट खेळाडूंना यंत्र गमावून कळावी, अशीच माझी इच्छा होती.

आता तासभर चाललेल्या त्या प्रसंगाविषयी. या लघुग्रहावर कमरेच्या उंचीवरून सुटलेला पाना खाली पोहोचायला दीड मिनिटाच्या आसपास लागतो, आणि मुक्तिवेग, म्हणजे ज्या वेगाने सुटलेली वस्तू पुन्हा कधी खाली येत नाही तो वेग, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर आहे. पात्राचा पाय सुटतो तो सेकंदाला १ मीटर वेगाने, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याइतक्याच. पण ते पात्र आपणहून कधीही परत येणार नाही. खेळातली एक फेरी ३० सेकंदांची आहे आणि दोर १२० मीटरचा. त्यामुळे गटाकडे नेमक्या चार फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरीत ते पात्र आणखी ३० मीटर दूर गेलेले असते, डोळ्यांसमोर, रेडिओवर बोलत. गोळीबारात खेळाडू फासे टाकतात आणि निकाल ऐकतात. येथे त्यांना आपसांत बोलावे लागते, कोणाच्या कमरेला दोर बांधायचा हे ठरवावे लागते, आणि उडी मारणारा चुकीच्या दिशेने सुटला तर दोघे जातील हेही मान्य करावे लागते. हा प्रसंग दोन लढायांमधला विसावा म्हणून मी लिहिलेला नाही. त्या साहसातली मुख्य लढाई तीच आहे, आणि प्रतिस्पर्धी आहे तो वेळ.

पात्र त्याहून हळू, म्हणजे सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने सुटले असते, तर ते परत आले असते, पण काही तासांनी. आणि अंतराळपोशाखात हवा दोनच तासांची आहे. (फिली हा अवतरक, म्हणजे पृष्ठभागावर उतरणारे छोटे यान, २०१४ मध्ये एका धूमकेतूवर उतरताना उसळला, तेव्हा त्याची पहिली उसळीच जवळजवळ दोन तास चालली होती, इतक्या मंद अपघाताची कल्पना मला तेथूनच सुचली.)

तरीही आपल्या गटाचा तास कंटाळवाणा गेला असेल, तर दोष माझ्या लेखनाचा आहे. चार फेऱ्यांची मर्यादा मी केवळ गेम मास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, टिपेत ठेवली होती, खेळाडूंना ती ठाऊकच नव्हती. आणि जी मुदत दिसत नाही तिची भीती वाटत नाही. आपल्या गटाने चर्चेत वेळ घालवला तो यामुळेच, असे मला वाटते. सुधारित मसुद्यात पहिल्याच फेरीला टेबलावर चार सोंगट्या मांडायच्या आणि प्रत्येक फेरीअखेर त्यातली एक उचलून घ्यायची, अशी सूचना आहे. दोर अपुरा वाटतो म्हणून तो २०० मीटर करावा, असेही आपण सुचवले आहे. तो मी १२० मीटरच ठेवला आहे.