मीठ लावून भाजायला अक्कल लागते

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या पीटर लूगर या स्टेकच्या, म्हणजे भाजलेल्या बीफच्या, रेस्टॉरंटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘मीठ लावून भाजायला कसली आलीय अक्कल? ब्रुकलिनला जाऊन रक्त टपकणाऱ्या मांसाला शेकडो डॉलर मोजायचे आणि इकडे फुशारक्या मारायच्या! पालक सपक, वेटर उर्मट.’

मत वेगळं असू द्या. पण ‘फुशारक्या’? आपली ओळख नाही, पाळख नाही. समोर बसून तुम्ही या सुरात बोलला असतात का? पालकाचं मान्य, तो मलाही सपकच लागतो.

‘कसली अक्कल’ मात्र मी सोडणार नाही. १८८७ पासून चालत आलेल्या या जागेत मांस आचेखाली जाण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. बीफचे मोठे हाडासकट भाग थंड, हवा खेळत्या खोलीत आठवडेच्या आठवडे उघडे ठेवतात. पाणी उडतं, चव दाट होते, मांसातलीच एन्झाइम्स तंतू सैल करतात. वरचा सुकून काळा पडलेला थर कापून टाकावा लागतो. म्हणजे वजन दोनदा घटतं, आणि ते बिलात दिसतंच. मसाल्याखाली वाईट मांस खपून जातं, नुसत्या मिठात नाही.

म्हणून सगळा भार निवडीवर. १९५० मध्ये सोल फोरमन यांनी हे रेस्टॉरंट विकत घेतलं, तेव्हा त्यांच्या पत्नी मार्शा मांस पारखायला शिकल्या आणि बाजारात जाऊन स्वतः निवडू लागल्या. कोल्हापुरात माझी आई दुकानात उभी राहून ‘हे नको, मांडीचं दे’ म्हणायची, दुकानदार कितीही वैतागला तरी. त्या घरात मी वाढलो. शिकत असताना न्यू जर्सीत एका हॉटेलात भांडी घासली, पुढे ग्रिलवर उभा राहिलो. भाजल्याचे डाग हातावर अजून आहेत. भाजण्यातली अक्कल तुम्ही मला सांगू नका.

आणि ते रक्त नव्हे हो! रक्त जनावर कापतानाच निघून जातं. लाल दिसतं ते स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन, पाण्यात उतरलेलं. वेटर गरम ताट कलतं करून चमच्याने तुकड्यांवर सोडतो तो हाच रस, लोण्यात मिसळलेला.

वेटरच्या स्वभावावर मी वाद घालत बसणार नाही. किंमत जास्त वाटते? नका जाऊ. पण न जेवता पुन्हा याच सुरात लिहिलंत, तर मी उत्तर देणार नाही.