परत सगळी टेबलं साफ!

कितीदा सांगायचं, टेस्टचा (कोड तपासणाऱ्या चाचण्यांचा) डेटाबेस वेगळा ठेवा म्हणून! आज परत तेच. मालवणातल्या होमस्टेंच्या बुकिंगचं आमचं अ‍ॅप, लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमधलं. एकाने टेस्ट चालवल्या आणि डेव्हलपमेंटच्या (रोजच्या कामाच्या) डेटाबेसमधलं सगळं गुल. तारकर्लीच्या खोल्या, सीझनचे दर, गणपतीतल्या तारखा, सगळं हाताने भरलेलं. वर तेच साहेब म्हणतात, "पण फाइलीत टेस्टच्या डेटाबेसचं वेगळं नाव दिलंय की!"

दिलंय रे बाबा. टेस्ट चालवणाऱ्या पीएचपीयुनिटच्या एक्सएमएल फाइलीत आहे, कबूल. पण कॉन्फिग (अ‍ॅपच्या सेटिंग्ज) कॅश करून, म्हणजे एका फाइलीत गोठवून, ठेवलंस ना? मग ते नाव वाचतंय कोण? कॅशमधला जुनाच डेटाबेस उचलला जातो आणि टेस्टसाठी डेटाबेस कोरा करणारं लारावेलचं रिफ्रेशडेटाबेस बिनदिक्कत सगळी टेबलं पाडून नव्याने उभी करतं. आधी ती कॅश पुसणारी 'कॉन्फिग:क्लिअर' कमांड मारायला काय जातं तुझं?

जँगोवाले (पायथनचं फ्रेमवर्क वापरणारे) सुखी. तिथे नावाआधी 'टेस्ट' लागून वेगळा डेटाबेस आपोआप तयार होतो. (आणि 'टेस्टला एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस मेमरीत चालव' म्हणणाऱ्यांनो, प्रॉडक्शनला (लोक वापरतात त्या खऱ्या अ‍ॅपला) मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आहे. दोघांचं वागणं सारखं नाही, त्याचं काय?)

आता बसा परत खोल्या भरत. तेवढ्यात लाईट गेली नाही म्हणजे मिळवली.