मार्चचा अर्ल आणि ‘ध’चा ‘मा’

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर एकांकिका बसवली होती. आनंदीबाई ‘धरावे’चे ‘मारावे’ करतात, हा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलेला प्रसंग तीत होता. याला पुरावा नाही, ही एका स्त्रीची बदनामी आहे, अशी हरकत कुणीतरी घेतली आणि प्रयोग रद्द झाला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या भाच्याने लिहिले, “बरे झाले. खोटा इतिहास दाखवायचा असेल तर नाटक हवे कशाला?” ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी २१ वर्षे इंग्लंडात, वेल्सच्या सरहद्दीजवळच्या लडलो गावापाशी राहतो. इथून विगमोरचा पडका किल्ला गाडीने फार तर वीस मिनिटांवर आहे. मॉर्टिमर या सरदार घराण्याचे ते मूळ ठाणे. ‘अर्ल ऑफ मार्च’ या त्यांच्या पदवीतला मार्च म्हणजे महिना नव्हे, तर इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधली सरहद्द. इंग्लंडातले अर्ल आपापल्या परगण्याच्या नावाने ओळखले जात असताना १३२८ साली रॉजर मॉर्टिमरने अख्खी सरहद्दच आपल्या नावाला जोडून घेतली आणि ते तेव्हाच अनेकांना खटकले. माणूसही तसाच होता. १३२३ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध पाजून तो लंडनच्या टॉवरमधून निसटला, फ्रान्समध्ये राणी इझाबेलाला मिळाला, तिच्यासह फौज घेऊन परतला आणि १३२७ च्या जानेवारीत तिचा नवरा, राजा दुसरा एडवर्ड पदच्युत झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्कली किल्ल्याच्या कैदेत राजाचा अंत झाल्याचे जाहीर करण्यात आले.

भाच्याने नीट वाचावे अशी गोष्ट यापुढची आहे. ख्रिस्तोफर मार्लोच्या १५९४ साली छापलेल्या नाटकात मॉर्टिमर राजाच्या पहारेकऱ्यांना लॅटिनमधली एक ओळ पाठवतो आणि तीत मुद्दाम विरामचिन्ह घालत नाही. एका जागी थांबले तर अर्थ होतो, ‘एडवर्डला मारू नका, भ्यालेले बरे’. दुसऱ्या जागी थांबले तर, ‘एडवर्डला मारायला भिऊ नका, ते बरे’. आपल्याकडे एका अक्षराने जे केले, ते इथे एका स्वल्पविरामाने केले. ही कथा राजाच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिलेल्या एका बखरीत आली. तिथे पत्र लिहिणारा मॉर्टिमर नसून हेरफर्डचा बिशप ऑर्लटन आहे, आणि तो बिशप तर त्या दिवसांत आव्हिन्याँला पोपच्या दरबारी होता. म्हणजे या पत्राला आधार नाही. नाटकाच्या शेवटी मॉर्टिमरचे कापलेले शिर एडवर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या कोवळ्या मुलापुढे आणतात. प्रत्यक्षात त्याला २९ नोव्हेंबर १३३० रोजी टायबर्नला फाशी दिले. हे सगळे इथे सर्वांना ठाऊक आहे आणि तरीही ते नाटक होते.

शेक्सपिअरने तर या पदवीच्या वारसांची पुरती सरमिसळ केली. चौथ्या हेन्रीवरच्या त्याच्या नाटकात वेल्सच्या बंडखोर ग्लेनडावरच्या मुलीशी लग्न करतो तो एडमंड मॉर्टिमर आणि गादीवर हक्क असलेला मार्चचा अर्ल ही एकच व्यक्ती आहे. वास्तवात ते चुलते-पुतणे होते. १४०२ मध्ये पिल्लेथच्या लढाईत चुलता पकडला गेला, तेव्हा अर्ल असलेला पुतण्या दहा वर्षांचा होता. हाच पुतण्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकात पिकल्या केसांचा जन्मकैदी म्हणून टॉवरमध्ये प्राण सोडतो, पण खरा अर्ल १४२५ साली आयर्लंडमध्ये प्लेगने गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. १४६१ च्या फेब्रुवारीत मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईआधी आकाशात तीन सूर्य दिसले, त्या प्रसंगी पुढे चौथा एडवर्ड म्हणून राजा झालेल्या मार्चच्या अर्लच्या शेजारी शेक्सपिअर त्याचा भाऊ रिचर्ड याला लढवय्या म्हणून उभा करतो. रिचर्ड तेव्हा आठ वर्षांचा होता.

सहा वर्षांपूर्वी आई इथे आली होती, तेव्हा गावच्या सभागृहात हौशी मंडळींनी चौथ्या हेन्रीचे नाटक केले. आईला इंग्रजी येत नाही. पण ग्लेनडावरची मुलगी फक्त वेल्श बोलते, तिच्या नवऱ्याला वेल्श येत नाही आणि दुभाष्याचे काम तिच्या बापाला करावे लागते, तो प्रवेश सुरू झाला तशी ती सावरून बसली. मुलगी गाऊ लागली तेव्हा तिने माझा हात धरला आणि हळूच विचारले, “हिचं याला काहीच कळत नाही ना रे?” पलीकडे माझी मुलगी बसली होती. आजीशी बोलायला तिला मी लागतो. मी नुसती मान हलवली.

मध्यंतरात चहाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवलेला होता. एका निवृत्त शिक्षकाने पानभर लिहिले होते की नाटकातला अर्ल खरा कोण, चुलता कोण, कुठे काय चुकले आहे. लोकांनी चहा घेताना ते वाचले आणि पुन्हा आत जाऊन बसले. प्रयोग बंद करा, असे कुणाच्या मनातही आले नाही. हे मी भाच्याला लिहिले आणि वर हेही लिहिले की ज्यांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली, त्या मराठी माणसाला तरी नाटक थांबवण्याचे दुःख कळायला हवे.

त्याचे उत्तर रात्रीच आले. “मामा, ती बंदी तुमच्या इंग्रजांनीच घातली होती. नाटके थांबवण्याचा १८७६ चा कायदाही त्यांचाच. लंडनला तरी १९६८ पर्यंत राजाच्या अधिकाऱ्याची परवानगी नसताना नवे नाटक लावता येत होते का?” येत नव्हते. हे मला माहीत होते आणि मी ते लिहिले नव्हते. ‘तुमच्या इंग्रजांनी’ हे शब्द मात्र मला लागले. इथल्या कुणीही मला कधी त्यांच्यातला म्हटलेले नाही, आणि माझ्या घरच्या माणसाने ते किती सहज म्हटले.

एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. गेल्या वसंतात शेजाऱ्याबरोबर विगमोरला गेलो होतो. हा किल्ला डागडुजी करून चकचकीत केलेला नाही. भिंतींवर गवत आणि झुडपे तशीच राखली आहेत. त्याने त्या विरामचिन्हाची गोष्ट सांगितली आणि तिला आधार नाही, हेही लगेच सांगितले. मी म्हणालो, आमच्याकडे याहून भारी गोष्ट आहे. मग मी त्याला ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा, सुमेरसिंग गारदी, “काका, मला वाचवा” ही किंकाळी आणि ‘ध’चा ‘मा’ हे सारे रंगवून सांगितले. तो थक्क होऊन ऐकत होता आणि मला अभिमान वाटत होता. त्या बदललेल्या अक्षराच्या पुराव्याबद्दल आपल्या अभ्यासकांत वाद आहे, हे मी बोललो नाही. मॉर्टिमरचे काहीही झाले तरी शेजाऱ्याला लाज वाटायचे कारण नव्हते. मला मात्र त्या परक्या उतारावर आपली गोष्ट उणी पडू द्यायची नव्हती, आणि त्यासाठी आनंदीबाईंवरचा आरोप मी निर्णय म्हणून सांगितला.

तेव्हा भाच्याची चीड मला आता कळते. तरी प्रयोग रद्द करणे मला मान्य नाही. ती मुले पुन्हा उभी राहणार असतील, तर दारात वाटायचे ते पान तू लिही, रामशास्त्र्यांच्या चौकशीपासून सुरुवात कर आणि छपाईचा खर्च मी देतो, असे मी काल त्याला कळवले आहे. निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून आलेले नाही.