एकट्याची शिकवणी लावली की गणित येतं?

दहावीची परीक्षा जवळ आली की बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो: "मुलाला गणिताची एकट्याची शिकवणी लावा. साधारण मूलही वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढं जातं, हे संशोधनानं सिद्ध झालंय. छान समजावणारे, चूक दिसताच दुरुस्त करणारे सर बघा. शिकवणी इंग्रजीतच हवी." मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवतो. हे वाचून फी कशीबशी जमवणारे आईबाप दारात येतात, म्हणून लिहितोय.

९८चा आकडा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४च्या लेखातला. पण त्या प्रयोगांत प्रत्येक घटकानंतर चाचणी होती, कच्चं राहिलेलं पुन्हा करून घेतलं जायचं, आणि प्रयोग जेमतेम तीन आठवड्यांचे होते. २०११ मध्ये संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकवणीचा परिणाम ब्लूम यांना दिसलेल्या परिणामाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. तोही मोठाच आहे. पण ९८चं आश्वासन कुणी देऊ नये.

छान समजावण्याचं म्हणाल, तर संशोधक मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शिकवणाऱ्यांना समजावून सांगायलाच मनाई केली, फक्त मुलांना बोलतं करायला सांगितलं. विषय रक्ताभिसरणाचा होता, गणिताचा नव्हे. पण मुलं समजावून सांगितलेल्या मुलांएवढीच शिकली.

"चूक दिसताच दुरुस्त करा" हे मला सगळ्यात घातक वाटतं. एका मुलानं ५२ − ३७ = २५ लिहिलं. "हातचा घे" म्हटलं की तो घ्यायचा, उत्तर बरोबर यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी विचारलं, कसं केलंस? "मोठ्यातनं लहान वजा करायचं की, सर. सातातनं दोन गेले, पाच." लहानपणी ऐकलेला नियम तो इमानदारीनं पाळत होता! त्याच्यापुढं दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली, म्हटलं मला सदतीस दे. बराच वेळ गप्प बसला. मीही बसलो, ती शांतता सोसणं हेच या कामातलं अवघड. मग तोच म्हणाला, "एका नोटेचे सुट्टे द्या." त्यानंतर हातचा चुकला नाही.

राहिली भाषा. पुढं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीत, ही काळजी खरी आहे. पण आपलं मूल अडतं कुठं ते बघा. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून लहान मुलं ३६ लिहितात. कन्नडात 'अरवत्तमूरु', साठ आधी. सीमाभागातल्या मुलाच्या कानावर दोन्ही पडतात, म्हणून मी सरळ म्हणतो, "कन्नडात म्हण बघू." लगेच ६३ येतं. (महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं, तर केवढा वाद झाला!) ज्याची दहावीची प्रश्नपत्रिका मराठीत आहे, त्याला अपूर्णांक शिकवताना 'डिनॉमिनेटर'चं ओझं कशाला? ते शब्द मी दहावीनंतरच्या सुट्टीत घेतो. वहीत डावीकडे छेद, उजवीकडे डिनॉमिनेटर. ज्याचा छेद पक्का आहे त्याला पंधरा दिवस पुरतात.