हेलन बर्न्सने जेनला काय दिले? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहिण्याआधी शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ची (१८४७) पहिली दहा प्रकरणे पुन्हा वाचून काढली. आपला आक्षेप थोडक्यात असा, की जेनचा बाणेदारपणा लोवुडच्या शाळेत जाण्याआधीच, मामीच्या म्हणजे मिसेस रीडच्या घरी, पुरता घडलेला आहे. तिथली मुख्य शिक्षिका मिस टेम्पल भली असली तरी दुबळी आहे. जेनची शाळेतली मैत्रीण हेलन बर्न्स फक्त सोसायला शिकवते आणि नवव्या प्रकरणात मरून जाते. तेव्हा या दोघींनी जेनला घडवले, हे माझे म्हणणे भाबडे आहे.

एक चूक आधी कबूल करते. ‘हेलनने जेनला सहनशीलता शिकवली’ असे मी लिहिले होते. ते वाक्य टिकत नाही. शाळेतली एक शिक्षिका मिस स्कॅचर्ड हेलनच्या कपाळावर ‘गबाळी’ असे लिहिलेला पुठ्ठा बांधते, हेलन तो संध्याकाळपर्यंत निमूटपणे वागवते, आणि स्कॅचर्डबाई बाहेर पडताच जेन धावत जाऊन तो ओरबाडून काढते व विस्तवात टाकते. सोसण्याचा धडा घेतलेली मुलगी असे करणार नाही.

जेन हेलनकडून शिकली ती गोष्ट वेगळी आहे: आपल्यावरचा अन्याय सांगायचा कसा. दहा वर्षांची जेन मामीला जे सुनावते ते सगळे खरे असते, पण ते संतापाच्या भरात बोललेले असते, आणि त्या विजयाचा कैफ लवकरच ओसरून तोंडाला विषारी चव उरते, हे ती स्वतःच नोंदवते. पुढे लोवुडमध्ये शाळेचा खजिनदार ब्रॉकलहर्स्ट तिला सर्वांदेखत स्टुलावर उभी करून खोटारडी ठरवतो. त्या संध्याकाळी मिस टेम्पल दोघी मुलींना आपल्या खोलीत नेऊन जेनला तिची हकिकत विचारते. मनात राग घोळवू नकोस, हे हेलनचे सांगणे आठवून जेन या वेळी शब्दांतला कडवटपणा आवरते, आणि अशी आवरून सांगितलेली हकिकत अधिक विश्वासार्ह वाटते आहे, हे बोलता बोलताच तिच्या ध्यानात येते. मैत्रिणीने बोलण्याची रीत दिली आणि शिक्षिकेने ऐकून घेणारा कान दिला. दोन्ही एकाच खोलीत जुळून आले. अख्खी कादंबरी स्वतःच्या तोंडाने सांगणारी जेन मला तरी तिथेच जन्मलेली दिसते.

मिस टेम्पल दुबळी आहे का? करपलेल्या लापशीऐवजी मुलींना पाव आणि चीज दिल्याचा जाब ब्रॉकलहर्स्ट विचारतो, तेव्हा ती संगमरवरासारखी थिजून गप्प राहते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पण पाव-चीज देण्याचा हुकूम तिने स्वतःच्या जबाबदारीवर दिला होता, हे विसरू नये. शिवाय ती जेनवर नुसती माया करत नाही. ती मामीच्या घरी जेनला तपासायला आलेल्या मिस्टर लॉइडना पत्र लिहून हकिकतीची शहानिशा करते, आणि उत्तर आल्यावर साऱ्या शाळेसमोर जेनला निर्दोष जाहीर करते. आरोपाची चौकशी करणारे मोठे माणूस जेनला तोवर भेटलेले नव्हते.

आपला सर्वांत वजनदार मुद्दा दहाव्या प्रकरणाचा आहे. मिस टेम्पल लग्न करून निघून जाते आणि तिच्याकडून उसना घेतलेला शांतपणाही तिच्याबरोबरच गेला, असे जेनच म्हणते. हे मला मान्य आहे. शिक्षिकेचा प्रभाव सहवासापुरता होता.

हेलनचे मात्र तसे नाही. (ब्राँटीची थोरली बहीण मारिया अशाच एका शाळेतून क्षय घेऊन घरी आली आणि १८२५ मध्ये अकराव्या वर्षी वारली, तिच्यावरूनच हेलन रेखाटली आहे, हे लक्षात ठेवले तर ती नुसती उपदेशाची बाहुली वाटत नाही.) एकविसाव्या प्रकरणात जेन मामीच्या मृत्युशय्येपाशी बसलेली असताना तिला हेलनचीच आठवण येते, तिचे अखेरचे शब्द आठवतात. याच मामीला उद्देशून, जन्मात पुन्हा तुम्हांला मामी म्हणणार नाही, असे ती लहानपणी म्हणाली होती. आता ती शपथ मोडण्यात तिला काहीच पाप वाटत नाही. ती तिला मामी म्हणते, आणि मामीने तोंड फिरवले तरी क्षमा करते.